तिसरा बाजार

नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्या तुम्हांला एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. स्वाध्यायाची तारीख पाठ असते, तरीही ती चुकते. घरात कोणी आजारी पडते, नाहीतर पेरणी तोंडावर येते. बाहेरचा माणूस मात्र एका शब्दात निकाल देतो : निष्काळजी. हा शब्द मीही एकदा उच्चारला आहे, मणिबेलीच्या एका बापासमोर.

मणिबेली हे नंदुरबार जिल्ह्यातील, अक्कलकुवा तालुक्याच्या टोकाचे नर्मदाकाठचे गाव. सरदार सरोवराचे पाणी महाराष्ट्रात प्रथम शिरले ते येथे. 1993 च्या पावसाळ्यात घरे बुडाली. काही कुटुंबे गुजरातेत वसवली गेली, काही डोंगरावर सरकून राहिली. मी तेव्हा वरच्या बाजाराच्या गावी सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. एक दहा वर्षांची मुलगी तीन महिने इंजेक्शनला आली नव्हती, म्हणून होडीतून तिचे घर शोधत गेलो.

तिला संधिवाताच्या तापातून जडलेला हृदयविकार होता. घसा दुखण्यासारखे साधे निमित्त होते. जंतूंशी लढताना शरीर स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते. झालेली इजा पेनिसिलिनने भरून येत नाही, पण ताप पुन्हा येऊन झडप आणखी बिघडणे त्याने टळते. त्यासाठी दर 21 दिवसांनी इंजेक्शन, आणि तेही वर्षानुवर्षे. या उपचारातली खरी अडचण अशी, की सुई फार दुखते आणि मूल तर हसते-खेळते असते. दुखणे दिसत नसताना दुखरा उपचार कोण घेईल?

मी त्या बापाला बरेच सुनावले. कार्डावर तारखा स्पष्ट लिहून दिल्या होत्या ना? तो शांतपणे म्हणाला, “साहेब, तारीख आम्हांला दिसत नाही. बाजार दिसतो.”

परतताना होडीत मला माझे वडील आठवले. ते निवृत्त कारकून, रोजचे वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचणारे. औषधांचे दुकान घराच्या खालीच. तरीही “आता बरे वाटते” म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी परस्पर बंद केल्या आणि पक्षाघाताने अंथरुणाला खिळले. त्यांना कोणी अडाणी म्हटले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालानुसार संपन्न देशांतही दीर्घ आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण उपचार नीट पाळतात. मणिबेलीला वेगळा न्याय लावण्याचा मला काय अधिकार होता?

एकवीस म्हणजे तीन आठवडे. वार तोच राहतो. इतका सोपा हिशेब मला सुचू नये! कार्डावरच्या तारखा खोडून मी ‘दर तिसरा बाजार’ एवढेच सांगितले. बाजाराच्या दिवशी त्या मुलीला रांगेत उभे करायचे नाही, असे परिचारिकेशी ठरवले. कारण मिठाची पिशवी घेऊन परतीची जीप गाठायची असते. आजीने घराच्या कुडावर कोळशाने रेघा ओढायला सुरुवात केली. दोन आखूड, तिसरी लांब.

पावसाळाभर रेघ चुकली नाही. दिवाळीनंतर मात्र कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेले, आणि तिथे बाजार वेगळा, वार वेगळा. जाताना मी कार्डावर औषधाचे नाव व मात्रा गुजरातीत लिहवून घेतली होती. ते होळीला परतले तेव्हा मुलगी स्वतःच कार्ड घेऊन आली. त्यावर तिकडच्या दवाखान्याचे तीन शिक्के होते. पुढच्या दोन जागा कोऱ्या.

मी काही बोललो नाही. तिच्या छातीला नळी लावली आणि डोळे मिटून ऐकू लागलो. बाप दारात उभा राहून माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता.