गोफणीचा गोटा

दौंड,
संक्रांतीनंतरचा सोमवार

चि. बाळ,


शिरूरहून धाडलेलं पत्र मिळालं. टू-टू (.22) काडतुसांच्या एका डब्यावर बीसी 0.12, दुसऱ्यावर 0.14, मग दुसराच घ्यायचा ना, म्हणतोस.

ज्वारीच्या माळ्यावर बसून आपण पाखरं राखायचो, आठवतं? भीमेतला गोल गोटा गोफणीतून सुटला की बांधापलीकडे जायचा. तेवढ्याच वजनाची खापरी अर्ध्यातच भरकटायची. बीसी, बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे हवेत वेग टिकवायची हीच ऐपत. पौंडातल्या वजनाला इंचातल्या जाडीच्या वर्गाने भागायचं, मग आकाराचा हिशेब धरायचा. तुझी गोळी 40 ग्रेन, 7000 ग्रेनचा पौंड, जाडी 0.223 इंच, भागाकार 0.115. लष्करी 5.56 मिलिमीटरची एसएस109 गोळी जाडीला जवळपास तेवढीच, वजनाला 62 ग्रेन, म्हणजे दीडपट. पण टोकदार नाक आणि निमुळतं बूड, म्हणून तिचा बीसी 0.30 च्या घरात, तुझ्या दुपटीवर. वजनाने दिलं, तसं आकारानेही दिलं.

जास्त बीसीची गोळी खाली कमी ओढली जाते, हा मात्र गैरसमज. पृथ्वी सगळ्यांना सारखंच ओढते. लवकर पोचणारी कमी पडते, इतकंच. 50 मीटरला तुझी गोळी साधारण 12 सेंटीमीटर पडते, ते साइटवर निभतं. खरा चोर आडवा वारा. ताशी 4 किलोमीटरची झुळूकही तिला अर्धा सेंटीमीटर सरकवते, आणि दहाचं अख्खं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं! स्वप्निल कुसाळेने 2024 च्या ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं ते याच अंतरावर, असल्याच गोळीने.

आणखी एक गंमत. जोरकस काडतूस वाऱ्यात उलट जास्त भटकतं. ध्वनीच्या वेगाच्या वर सुटलेल्या गोळीला हवा फार अडवते. म्हणून नेमबाज ध्वनीपेक्षा मंद काडतूस वापरतात. बीसीचा छापील आकडाही वेगागणिक बदलतो, हे डब्यावर कोण लिहिणार?

इथे राज्य राखीव पोलीस दलाचे 5 आणि 7 नंबरचे गट. तिथल्या आमच्या फायरिंगला बीसीचं नाव कुणी काढत नसे; आधी वारा बघ, मग ट्रिगर दाब, बस्स.

दोन्ही डब्यांतले दहा-दहा राउंड तुझ्याच रायफलीतून मार, निवांत हवेत. रविवारी न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतर, मी तिथे येतो. टार्गेटचे कागद आण, गुऱ्हाळावर बसून भोकं मोजू.

तुझा,
मामा