पहिली पावती कुठे गेली?

फाइल सिस्टिमचा विषय काढला की चारचौघांत जांभया सुरू होतात. तरी आज त्यावरच लिहिणार आहे, कारण त्यात एका फुलवालीचे शंभर रुपये अडकले होते.

पिग्मी म्हणजे काय हे आपल्यातल्या काहींना माहीत नसेल. पतसंस्थेचा एजंट रोज दुकानोदुकानी फिरतो, कोणी पन्नास देतं, कोणी शंभर. पूर्वी डायरीत सही व्हायची, आता हातातल्या मशीनमधून पावती निघते. अशाच एका मशीनचं सॉफ्टवेअर आमच्याकडे तपासायला आलं. तक्रार विचित्र होती. पावती ग्राहकाच्या हातात, पण मशीनमध्ये नोंदच नाही! आणि गायब होणारी नोंद जवळपास नेहमी दिवसातल्या पहिल्या ग्राहकाची. म्हणजे फुलवालीची. फरक एजंट स्वतःच्या खिशातून भरत होता.

आत लिनक्सचा ४.१९ कर्नल आणि एक्स्ट४. जुनी टेस्ट अशी होती की नोंदी चालू असताना प्रोग्राम 'किल -९'ने मारायचा आणि फाइल धड आहे का बघायचं. कायम पास. होणारच हो! प्रोग्राम मेला तरी त्याने लिहिलेलं कर्नलच्या पेज कॅशमध्ये शाबूत राहतं. ते जातं वीज गेल्यावर. आणि एजंट काय करायचा, तर पहिली पावती दिली की बॅटरी वाचवायला मशीन सरळ खटका दाबून बंद. म्हणून रिले लावून वीजच तोडायला लागलो. तीन मोड, प्रत्येकी २०० वेळा.

हे तीन मोड म्हणजे काय, तर 'रायटबॅक'मध्ये जर्नलात फक्त मेटाडेटा जातो, डेटा कधी पोचेल त्याची हमी नाही. 'ऑर्डर्ड'मध्ये (हाच डीफॉल्ट) मेटाडेटा कमिट होण्याआधी त्याचा डेटा डिस्कवर जातो. 'जर्नल'मध्ये डेटासुद्धा आधी जर्नलात लिहिला जातो. सगळ्यात सावकाश, सगळ्यात सोवळा.

रायटबॅकमध्ये काही फाइलींची लांबी बरोबर, पण आत कुठल्यातरी पुसलेल्या फाइलचा मजकूर. ऑर्डर्डमध्ये काही फाइली शून्य बाइटच्या. जर्नलमध्ये सगळं हिरवं.

ऑर्डर्डमध्ये शून्य बाइट का? प्रोग्राम दर पावतीला टेम्प फाइल लिहायचा आणि ती रीनेम करून त्या दिवसाच्या फाइलवर बसवायचा. एक्स्ट४ ब्लॉक देण्याचं काम पुढे ढकलतो, त्यामुळे डेटा डिस्कवर जायला साधारण ३० सेकंद लागू शकतात, पण रीनेम मात्र ५ सेकंदांत कमिट होतो. ब्लॉकच दिलेला नाही, तर 'आधी डेटा' हा नियम लागू कशाला होणार? मधल्या वेळात वीज गेली की नाव आहे, आत काही नाही.

हे नवीन नाही. २००९ मध्ये उबुंटू ९.०४ च्या चाचणी आवृत्तीत लोकांच्या केडीई-नोमच्या सेटिंग फाइली अशाच रिकाम्या झाल्या होत्या. भरपूर वादावादी झाली आणि २.६.३० कर्नलमध्ये थिओडोर त्सो यांनी तोडगा आणला: रीनेमने जुनी फाइल बदलली जात असेल, तर ब्लॉक तेव्हाच द्यायचे. पण जुनी फाइल असेल तरच! सकाळच्या पहिल्या पावतीला त्या तारखेची फाइलच नसते. दुसऱ्या पावतीपासून हा तोडगा सांभाळून घेतो. पहिल्या ग्राहकाचं गूढ उकललं.

"अरे मग जर्नल मोड लाव ना, सोमवारी बिल्ड देऊन टाकू," लीड म्हणाला. मोह तर होता. पण टेस्ट विचारत काय होती? फाइल धड आहे का, एवढंच. फुलवालीचा प्रश्न वेगळा आहे: माझ्या हातातली पावती तुमच्याकडे आहे का?

मग प्रिंटरच्या वायरीला दुसरा कॉम्प्युटर जोडला आणि बाहेर पडलेली प्रत्येक पावती तिथे टिपून घेतली. आता तुलना केली, तर जर्नल मोडसुद्धा लाल. फाइल अगदी धडधाकट, फक्त शेवटच्या ५ सेकंदांतली पावती नाही. हे त्या आधीच्या गोंधळापेक्षा वाईट. रिकामी फाइल निदान दिसते तरी, इथे कोणाला पत्ताच लागला नसता.

उपाय जुनाच आहे. टेम्प फाइल लिहा, तिला एफसिंक करा, रीनेम करा, डिरेक्टरीलाही एफसिंक करा, आणि मगच पावती छापा. एफसिंकने एरर दिली तर पावती छापायची नाही. नुसतं पुन्हा एफसिंक करून 'झालं बुवा' म्हणायचंही नाही. २०१८ मध्ये पोस्टग्रेसवाल्यांच्या लक्षात आलं की एकदा एफसिंक फसल्यावर लिनक्स ती पानं स्वच्छ समजू शकतो आणि दुसरा एफसिंक बिनदिक्कत यशस्वी होतो.

एवढं केल्यावर तिन्ही मोड हिरवे झाले. पावती किंचित उशिरा निघते, पण प्रिंटरच इतका निवांत आहे की कोणाच्या लक्षातही येत नाही. मोड आम्ही ऑर्डर्डच ठेवला.

असो. तुमच्याकडेही 'सेव्ह झालं' असं सांगणारा एखादा प्रोग्राम असेलच. तो हे कधी सांगतो, एफसिंकच्या आधी की नंतर, तेवढं सोमवारी बघून घ्या.