रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे झाले?

माझे वडील परळच्या एका गिरणीत कामाला होते. १९९४ साली, वयाच्या ४९ व्या वर्षी, रात्रपाळीहून आले, छातीत कळ आली आणि गेले. ‘वेळ आली होती’ असे सगळे म्हणाले.

म्हणून धाकट्या भावाला चाळिशी लागताच मी रक्त तपासायला लावले. एकूण कोलेस्टेरॉल १९०. “दोनशेच्या आत आहे, दादा,” म्हणत त्याने कागदाची घडी घातली. पण मी पडलो कारकून. नुसती बेरीज पाहून माझे समाधान होत नाही. वरच्या रकमा पाहिल्या. चांगले कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, फक्त ३२. पुरुषात ते ४० तरी हवे. १९० मधून ३२ गेले, उरले १५८. ही वजाबाकी १३० च्या आत हवी.

महापालिकेच्या रुग्णालयात केसपेपर काढला. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि विचारले, तंबाखू खाता? ब्लडप्रेशर, साखर किती? वडील कितव्या वर्षी गेले?

हे प्रश्न उगाच नसतात. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी १९४८ पासून ५,२०९ माणसांची वर्षानुवर्षे तपासणी झाली. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, सिगारेट यांची बेरीज होऊन धोका वाढतो, हे तेथून कळले. रक्ताचा कागद शक्यता सांगतो, भविष्य नव्हे.

डॉक्टरांनी आणखी एक तपासणी सांगितली : लायपोप्रोटीन (ए). हे आईबापांकडून येते, पथ्याने फारसे हलत नाही, म्हणून बहुधा जन्मात एकदाच तपासले तरी पुरते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या सूचनांत ही तपासणी आहे. कोलेस्टेरॉलची पहिली तपासणी तर अठराव्या वर्षीच करा, असे त्यात म्हटले आहे. भावाचा आकडा पन्नासच्या आत हवा होता, आला ७८. त्यावर उपाय एकच, बाकीचे सारे काटेकोर सांभाळायचे. गोळी सुरू झाली, तंबाखूची पुडी सुटली.

मग बहिणीलाही नेले. बापाचे रक्त लेकीतही असते, पण तपासणीच्या वेळी घरातल्या बाईचा नंबर शेवटी लागतो.

बंधू-भगिनींनो, घरात कोणी पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गेले असेल, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगा. आणि छातीत कळ आली, तर जुना नॉर्मल रिपोर्ट शोधत बसू नका. तडक के.ई.एम. नाहीतर नायर गाठा.