आधी परदेशी, मग बाई

कपाशीच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर आज परदेशी मॅडम आल्या होत्या. कळीतले पुंकेसर दुपारी काढायचे, परागकण दुसऱ्या सकाळी लावायचे. जालन्यात हे काम मुख्यतः बायकांच्याच बोटांवर चालतं. तरी खुर्ची मॅडमनाच. आमचे सुपरवायझर त्यांचं प्रत्येक वाक्य वहीत टिपत होते. व्यवस्थापनाच्या अभ्यासक नॅन्सी अ‍ॅडलर यांनी १९८७ सालीच लिहिलंय की, आशियात उत्तर अमेरिकी बाई मॅनेजर आधी परदेशी ठरते, बाई नंतर. म्हणून तिला मान मिळतो. ‘मालक काय करतात?’ हे विचारलं फक्त मजूर बायकांनी, आणि मॅडम खुदकन हसल्या! परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकलेली आमची सहकारी मॅडमचेच मुद्दे गेल्या हंगामापासून सांगतेय. तिला मात्र आजही सगळ्यांसमोर, ‘ताई, चहाचं बघता का?’