जाळ एक, मोऱ्या दोन

आपल्या घरांत पाणी तापविणे हे केवळ सोयीचे काम नसते. पिण्याचे पाणी उकळावयाचे, स्नानाचे ऊन करावयाचे. आणि जेव्हा जेव्हा अग्नी पेटतो, तेव्हा त्यासोबत जयणेचा विचार येतोच.

खेडच्या आमच्या घरी मागील पडवीत तांब्याचा बंब आहे. पावसाळ्यात तेथवरची फरशी शेवाळते. मातोश्रींनी वयाची 84 वर्षे ओलांडल्यावर त्यांचे स्नान आतल्या मोरीत व्हावे, असे सर्वांस वाटू लागले. गीझर सुचविला गेला. परंतु कोकणच्या पावसात विजेचा भरवसा नाही. आत दुसरा लहान बंब ठेवावा म्हटले, तर मातोश्री म्हणाल्या, "माझ्या एकटीसाठी आणखी एक जाळ नको." चातुर्मासात सरपणात किती जीव आश्रयाला येतात, हे त्या जाणतात, प्रत्येक ढलपी हलकेच झटकून, पुंजूनच त्या पुढे देतात.

याच सुमारास अमेरिकेतील पुतण्याशी बोलणे झाले. तेथील थंड मुलुखात काही घरांबाहेर लाकडाची भट्टी असते. तिच्याभोवतीचे पाणी तापते आणि जमिनीखालून, उष्णतारोधक वेष्टणातील नळ्यांनी घरात फिरते. भिंतीच्या पायथ्याशी पातळ पत्र्यांच्या पाकळ्या लावलेली नळी असते; तिच्यावरून हवा तापून वर चढते आणि खोली ऊबदार होते. त्याला अशी नळी आणखी एका खोलीत घ्यावयाची होती. त्याने आधी भट्टी किती उष्णता देते आणि जुन्या खोल्या किती घेतात, हे मांडले. कारण नळी वाढली म्हणून उष्णता वाढत नाही. उलट परतीचे पाणी फार गार झाले, तर धुरातील ओल भट्टीच्या आतच साचते आणि पत्रा खराब होतो. शाखा उघडली म्हणून भांडवल दुप्पट होत नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आमचा हिशेब लहान होता. 20 लिटर पाणी 25 अंशांवरून 45 अंशांवर नेण्यास 400 किलोकॅलरी लागतात. निम्मी उष्णता धुराड्यातून गेली, तरी सुके लाकूड सुमारे पाव किलो पुरते. दुसऱ्या बंबात मात्र त्याचे तांबे तापविण्यासही रोज निराळे लाकूड गेले असते.

बंबाच्या नरसाळ्यात गार पाणी ओतले की ते तळाशी जाते आणि वरचे गरम पाणी तोंडातून बाहेर पडते. त्या तोंडाला उतरती नळी जोडून ती आतल्या मोरीत नेली. साधी पीव्हीसी नळी गरम पाण्याने मऊ पडते, म्हणून सीपीव्हीसी घेतली. आतल्या टोकाला चावी मुद्दाम लावली नाही. वाफ कोंडली तर बंब फुटण्याचे भय असते. बाहेर एक बादली ओतावी, आत एक बादली यावी. बादलीत विसावण घालून, हात लावून पाहूनच स्नान.

पहिल्या दिवशी मातोश्रींनी बाहेर किती ओतले, हे विचारून घेतले आणि समाधानाने मान हलविली. वापर आणि खर्च डोळ्यांसमोर राहिले की संयम वेगळा शिकवावा लागत नाही. नव्या सोयींत आपण नेमके तेच गमावतो: चावी फिरते, पाणी येते, आणि त्यामागे काय जळले हे दिसत नाही. वृद्धांची सोय करावी, ते कर्तव्यच आहे. पण ती त्यांच्या व्रताला धक्का न लावता करता आली, तर ती सेवा अधिक शोभते.