कागदाखालची माती

शेततळ्याला कागद घालायचा म्हटलं की शेतकऱ्याचा पहिला प्रश्न मायक्रॉनचा. 500 मायक्रॉन हवाच, त्यात काटकसर नको. पण 500 मायक्रॉन म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि तीन मीटर पाणी भरलं की तळाच्या दर चौरस मीटरवर तीन टनांचा भार येतो. तो भार खालची मातीच पेलते. मुरमात हरभऱ्याएवढा अणकुचीदार खडा राहिला तरी तो खालून कागद फोडतो.

म्हणून पोकलेन निघून गेल्यावरचं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. खडे वेचायचे, खुंट उपटायचे, लव्हाळ्याच्या गाठी खणून काढायच्या. त्याचा कोंब मल्चिंगचं प्लास्टिकही भेदून वर येतो. मग बारीक माती पसरून, पाणी मारून चोपायची. शेवटी मी चारी उतारांवर अनवाणी चालतो. तळपायाला टोचेल ते कागदालाही टोचणार.

कागद सकाळच्या गारव्यात अंथरावा. उन्हात तो पसरतो, रात्री आखडतो. दुपारी ताणून जोडला तर पहाटे सांध्यांवर ओढ येते. थोडा ढिला सोडून कडा बांधावरच्या चरात मातीने दाबून टाकायच्या. आणि उतारांवर गाठी मारलेले दोर सोडल्याशिवाय मी तळं भरू देत नाही. ओला कागद इतका निसरडा असतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही.

पाणी कमी होतंय म्हणून निरोप आला की आधी बादली मागतो. ती भरून, कडा वर राहील अशी तळ्यातच उभी करायची आणि आतबाहेर खुणा करायच्या. दोन्हीकडे पाणी सारखंच उतरलं तर ते उन्हाने नेलं. मे महिन्यात दिवसाला सेंटिमीटरभर सहज जातं. बाहेर जास्त उतरलं तर भोक आहे. मग मोटार बंद ठेवून वाट बघायची. उताराला भोक असेल तर पाणी त्याच्यापाशी येऊन थांबतं, आणि त्या रेषेवर बोट फिरवत गेलं की उंदराने कुरतडलेली किंवा कुत्र्याच्या नखाने फाटलेली जागा हाताला लागते. ती पुसून, सुकवून, गोल कापलेलं ठिगळ गरम हवेने चिकटवायचं; चौकोनी ठिगळाचे कोपरे उचकटतात.

दुरुस्ती तळाची असेल तर ती होताच निदान हातभर पाणी सोडायला लावतो. रिकामा कागद वारा उचलतो, आणि पावसाळ्यात जमिनीतलं पाणी चढलं की तो खालून फुगतो.