खालच्या मजल्यावरचं ऊन

आर्किटेक्चरच्या अभ्यासक्रमात नीतीचा धडा बहुधा शेवटी, ‘प्रोफेशनल प्रॅक्टिस’ या विषयात येतो. १९७२चा वास्तुविशारद कायदा, १९८९चे व्यावसायिक वर्तनाचे नियम, फी, करार. मुलं पाठ करतात आणि पास होतात. पण पुनर्वसनाच्या इमारतीत आर्किटेक्टचा करार होतो तो बिल्डरशी नाहीतर प्राधिकरणाशी. जो तिथे जन्म काढणार, त्याची त्यावर सहीच नसते. म्हणून मी नीती दुसऱ्या वर्षाच्या स्टुडिओत शिकवते, सेक्शन काढता काढता.

मुंबईत लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहती आहेत. दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरची फट. २१ डिसेंबरला भर दुपारी मुंबईत सूर्य सुमारे ४७ अंशांवर असतो. तो कोन शीटवर काढा. दक्षिणेला तेवढीच उंच इमारत असेल, तर ऊन एका मजल्याएवढंच खाली उतरतं. तिथून खाली दिवसाही दिवा. या वसाहतींत क्षयरोगाचं प्रमाण जास्त असल्याचं ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या अभ्यासात दिसलं. एवढी अरुंद फट नियमांतल्या सवलतींमुळेच ठेवता आली. हे कळल्यावर नीतीवर वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

सहानुभूतीचंही तसंच. गरिबांबद्दल हळहळणं मुलांना पटकन जमतं; चौकशी करणं शिकवावं लागतं. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा कुठे झोपेल? धुणं कुठे वाळेल? जोतं ४५ सेंटीमीटर उंच ठेवलंत, तर १:१२ उताराचा रॅम्प ५.४ मीटर लांब होतो. तो प्लॉटमध्ये बसतोय का?

“मॅडम, बाहेर एफएसआयच बोलतो,” असं मुलं म्हणतात. तेव्हा मी त्यांना चार्ल्स कोरिया यांची बेलापूरची वसाहत दाखवते. तिथे त्यांनी शेजारच्या दोन घरांत भिंत सामायिक ठेवली नाही, त्यामुळे ऐपतीप्रमाणे प्रत्येकाला आपलं घर वाढवता आलं. लहान-मोठ्या प्लॉटांतला फरकही त्यांनी मुद्दाम कमी ठेवला. माणसांचा विचार तिथे ले-आउटमध्येच उतरला आहे.

ज्युरीला बसणाऱ्या सहकाऱ्यांना एकच विनंती: रेंडर बघण्याआधी सर्वांत खालच्या मजल्यावरच्या खोलीत ऊन-वारा कुठून येतो ते विचारा, आणि उत्तर नसेल तर शीट परत करा.